निळ्या पट्टीच्या वर पाणी

१० नोव्हेंबर, सोमवार

ती. वन्सं,

शुक्रवार, ७ नोव्हेंबर रोजी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी, मी टॅक्सी थांबवायला खाली गेलेली असताना, तुम्ही माझ्या लहान खोलीतल्या काचेच्या टाकीत काठोकाठ पाणी भरलंत. वेळ मी अंदाजाने लिहीत नाही. मी जिना उतरले तेव्हा सात पस्तीस झाले होते, सात पंचेचाळीसला तुम्ही बॅग घेऊन खाली आलात आणि तुमची उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती. मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "काही नाही गं, हात धुतले." मी एकतीस वर्षं कोर्टात लघुलेखिका होते. हात धुताना माणूस कोपर धूत नाही, एवढं मला तिथे बसून कळलं आहे.

नमस्कार. हा रिवाज म्हणून. खाली जे लिहिते आहे ते रिवाज म्हणून नाही.

टाकीच्या झाकणाखाली, पाण्याच्या वर, काचेला एक फिकट गुलाबी घोस चिकटलेला होता. चष्मा लावला असतात तर तुम्हाला दिसला असता. ती माझ्या गोगलगायीची अंडी होती. ही सोनेरी गोगलगाय राहते पाण्यात, पण अंडी घालायला पाण्याबाहेर चढते. अंडी दोन-तीन आठवडे ओलसर हवेत राहिली की दाण्याएवढी पिल्लं सुटतात आणि आपसूक खाली पाण्यात पडतात. अंडी पाण्याखाली गेली तर आतली पिल्लं गुदमरतात. म्हणून मी पाणी काठापासून चार बोटं खाली ठेवते आणि म्हणूनच काचेवर निळी पट्टी चिकटवली आहे. तुम्ही आलात त्याच दिवशी मी हे सगळं तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही "बरं" म्हणालात.

नर उन्हाळ्यात गेला. शोभेच्या माशांचा दुकानदार म्हणाला होता की नर गेल्यावरही मादी काही महिने पिल्लं होतील अशी अंडी घालू शकते, पुढे नाही. तेव्हा हा घोस शेवटचा असण्याचीच शक्यता होती. तुम्ही म्हणाल, गोगलगायींसाठी एवढं काय. हसू नका. या घरात मी सोडून हलणारं असं तेवढंच आहे. फ्रिज आवाज करतो, पण हलत नाही.

शनिवारी दुपारी मी पाहिलं तेव्हा घोस पाण्याखाली होता आणि त्याचा गुलाबी रंग उतरला होता.

लेखी खुलासा हवा आहे. फोन करू नका. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि जे ऐकू येत नाही त्याला तुम्ही होकार देता.

तुमची भावजय

ता. क. खोकल्याचं औषध इथे विसरलात. पार्सलने पाठवलं आहे. दिवसातून दोनदा, जेवणानंतर. नर्स असलात तरी बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा.


१५ नोव्हेंबर

वहिनी,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचं ते कोरीव अक्षर बघून आधी वाटलं समन्स आलं. उघडलं तर समन्सच.

पाणी मीच भरलं. गुन्हा कबूल. बाहीचं खोटं बोलले, कारण तुला सांगितलं असतं तर तू "कशाला उगाच" म्हणून फुरंगटली असतीस, आणि निघताना मला तुझं फुरंगटलेलं तोंड बघायचं नव्हतं.

अगं, छत्तीस वर्षं वॉर्डात काढली. ड्यूटी संपली की निघण्याआधी प्रत्येक खाटेजवळचा जग काठोकाठ भरायचा. पेशंटला उठायला नको, बेल वाजवायला नको. आता ते हातातच बसलंय. त्या दिवशी तुझी किटली भरली, फिल्टर भरला, न्हाणीघरातल्या दोन्ही बादल्या भरल्या. फुलदाणीत फुलं नव्हती, तीही भरली. मग टाकी बघते तर चार बोटं रिकामी. म्हटलं हिची पाठ दुखते, ही कुठे तांब्या तांब्याने भरत बसेल. पट्टी मला दिसली होती. पण आमच्याकडे अशी पट्टी असली की अर्थ एकच, याच्या खाली जाऊ द्यायचं नाही. वर गेलं तर कुणी मरत नाही. आमच्याकडे.

आणि तू सांगितलंस म्हणतेस, तर डाव्या बाजूला उभी राहून सांगितलं असशील. तो कान केव्हाच पेन्शनीत गेलाय.

चुकलं माझं. खरंच चुकलं. चार दिवस अन्न गोड लागलं नाही. पिल्लं झाली असती तर एक मीच मागून घेणार होते, तुला म्हटलं नव्हतं एवढंच.

पण मला एक सांग. तू रोज सकाळी सहाला, दात घासायच्याही आधी, त्या टाकीपाशी असतेस. मी त्याच खोलीत झोपत होते, मला सगळं माहीत आहे. भिंग घेऊन उभी राहतेस आणि तिला म्हणतेस, "काय बाईसाहेब, आज इकडे का?" माझ्याशी इतकं गोड कधी बोलली नाहीस. मग मी शुक्रवारी सकाळी गेले, आणि तू शनिवारी दुपारी बघितलंस? मधे कुठे होतीस? बरं नव्हतं का? खरं सांग. नर्सशी लपवाछपवी करू नये.

आणखी एक कळवायचं राहिलं. तुझ्याकडे आले तेव्हा सांगायचं ठरवूनच आले होते, पण निघेपर्यंत जमलं नाही. घरमालकाला माझ्या दोन खोल्या परत हव्या आहेत, मुलीला द्यायच्या म्हणतोय. चांगला आहे बिचारा, सांगताना त्याचंच तोंड उतरलं होतं. मी निवृत्त परिचारिकांच्या निवासात नाव घातलंय. एका खोलीत दोघी. माझी सोबतीण दिवसभर रेडिओ लावते म्हणे. लावू दे, मला काय फरक पडतो. आठ डिसेंबरला त्यांना पक्कं कळवायचं आणि इकडची किल्ली द्यायची.

तू ये मला भेटायला. भेटीची वेळ चार ते सहा.

तुझी नणंद

ता. क. औषध पोचलं. एवढं घट्ट बांधलंस की सुरी घ्यावी लागली.


१८ नोव्हेंबर, मंगळवार

ती. वन्सं,

भेटीची वेळ चार ते सहा!

मी हे वाक्य चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तुम्ही माझ्या टेबलाशी बसून रोज सकाळी पाव-लोणी खाल्लंत, माझ्या लोण्याला नावं ठेवलीत, शेजारणीच्या गुडघ्यावर अर्धा अर्धा तास बोललात, आणि डोक्यावरचं छप्पर जातं आहे ही गोष्ट तुम्हाला "जमली नाही"? शेजारणीच्या गुडघ्याला जागा मिळाली, तुमच्या घराला मिळाली नाही?

माझा नवरा तुमचा धाकटा भाऊ होता. त्याच्या शेवटच्या आजारात तुम्ही खाटेशेजारच्या खुर्चीत बसून महिना काढलात. मला घरी झोपायला पाठवायचात आणि स्वतः पाय सुजवून घेतलेत. त्याला जाऊन तीन वर्षं झाली. तो गेल्यावर तुमचं म्हणावं असं मी सोडून कोण आहे, आणि माझं म्हणावं असं तुम्ही सोडून कोण आहे, हे आपण दोघी एका हाताच्या बोटांवर मोजू शकतो आणि बोटं उरतात. असं असताना तुम्ही परक्या बाईचा रेडिओ पत्करता आणि मला ते हवामान कळवावं तसं कळवता. "नाव घातलंय." शाळेत घालतात तसं!

माझ्याकडे राहायला येऊ का, असं का विचारलं नाहीत? सरळ प्रश्न आहे. कारण लिहा. "असंच" हे कारण नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: शुक्रवारी मला काहीही झालेलं नव्हतं. कामं होती.

घोसाचं म्हणाल तर मी तो ब्लेडने अलगद सोडवून, प्लास्टिकच्या डबीत ओल्या कापडावर ठेवला आणि डबी टाकीत तरंगत सोडली. दुकानदाराने तसं सांगितलं होतं. आठवडाभर वाट पाहिली. काल डबी उघडली तेव्हा वास आला. मासे पाळणारी माणसं मेलेलं डोळ्यांनी ओळखत असतील. गोगलगाय पाळणारीला ते नाकानेच ओळखावं लागतं. घोस टाकून दिला.

मादीही शंखाचं दार लावून तळाशी पडून आहे. यांच्या पायाला एक चकती असते. आत गेलं की ती ओढून घ्यायची, झालं दार बंद. मी तिला काढून हुंगून पाहिलं. वास नाही, म्हणजे आहे. पण काकडीचा काप टाकला तो तसाच तरंगतो आहे. शंखाला चुना मिळावा म्हणून ठेवते तो समुद्रफेसाचा तुकडा नवीन ठेवला, त्याच्याकडेही फिरकली नाही. सकाळी मी तिला हाक मारते आणि मग आपण कुणाला हाक मारतो आहोत हे लक्षात येतं.

तर, कारण. लेखी.

तुमची भावजय


२३ नोव्हेंबर

वहिनी,

लिहू नये असं वाटत होतं. दोनदा कागद घेऊन ठेवून दिला. पण तू कोर्टातली, तू काही सोडायची नाहीस.

विचारायलाच आले होते गं. येताना गाडीत वाक्यसुद्धा पाठ केलं होतं. पहिल्या दिवशी वाटलं, आल्या आल्या कशाला, उद्या विचारू. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर माझ्या चपला दाराशी, बाहेर तोंड करून ठेवलेल्या. मी आत वळवल्या, संध्याकाळी परत बाहेर. चहाचा कप खाली ठेवला की तू तो उचलून, धुऊन, पुसून कपाटात आत मागे सरकवायचीस, जसा काही तो उद्या लागणारच नाही. अंघोळ करून यावं तर अंथरूण घडी करून ठेवलेलं आणि त्याच्यावर माझी बॅग, चेन लावलेली. मी बॅग खाटेखाली ढकलायची, तू वर काढून ठेवायचीस. तुला आठवतही नसेल. मला रोज दिसत होतं.

आम्ही वॉर्डात पेशंटला तोंडाने कधी जा म्हणत नसू. त्याची पिशवी भरून खाटेवर ठेवली की त्याला कळायचं.

म्हटलं, वहिनीने न बोलता सांगितलं, बरंच झालं, दोघींची लाज राहिली. राग मुळीच नाही. भाऊ गेल्यावर तू एकटी राहायला शिकलीस, ते किती कष्टाने शिकलीस ते मी बघितलंय. आता घडी बसलीय. त्यात मी बहिरी म्हातारी खोकत कशाला येऊ? महिनाभर राहायचं म्हणून आले होते, पण लवकर निघाले. घरी नळ गळतो म्हणून जाते असं तुला म्हटलं, ते खोटं होतं.

निवास चांगलं आहे. जेवण वेळेवर. तुला त्रास नको, एवढंच माझं म्हणणं.

बाईसाहेबांनी काकडी खाल्ली का ते कळव. आणि शुक्रवारी काय कामं होती ते तू अजून सांगितलेलं नाहीस.

तुझी नणंद


२७ नोव्हेंबर, गुरुवार

ती. वन्सं,

तुमचं पत्र मंगळवारी आलं. दोन दिवस मी घरात चालताना स्वतःचे हात बघत होते. हे दोन हात कुणाकुणाला घराबाहेर काढत आले आहेत, कोण जाणे.

चपलांचं असं आहे. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात मी सात वर्षांची असताना गेले. तिथे झोपताना बूट ओळीत, टाचा भिंतीला, तोंड बाहेर. एक जरी वाकडा दिसला तर सिस्टर सगळ्या मुलींना थंड फरशीवर उभं करायची. कप वापरला की लगेच धुवायचा, अंथरूण उठल्याबरोबर घडी, सामान वर, म्हणजे खाली झाडता येतं. आईबापांनी माया शिकवायच्या वयात मला हे शिकवलं गेलं. तुमची बॅग खाटेखाली धुळीत जात होती म्हणून मी ती रोज वर काढत होते. मला वाटत होतं मी तुमची बडदास्त ठेवते आहे. तुमच्या भावाच्या चपलाही मी लग्नापासून तशाच ठेवल्या. मी हाकलते आहे असं तो कधीही म्हणाला नाही. म्हणजे म्हणायचा, पण हसून म्हणायचा. तुम्ही हसून म्हणाला असतात तर?

पण तुम्ही दिसतं तेवढ्यावरून निदान केलंत. पेशंटला विचारलं नाहीत. छत्तीस वर्षांच्या नर्सला हे शोभत नाही, हे मी इथे नमूद करून ठेवते.

आता शुक्रवार. तुम्ही विचारणं सोडणार नाही असं दिसतं.

टॅक्सी वळेपर्यंत मी फुटपाथवर उभी होते. वर आले. लहान खोलीचं दार तुम्ही लोटून घेतलं होतं. आत काय असणार ते मला माहीत होतं. तुम्ही चादर काढून घडी केली असणार, गादी उघडी, उशी मधोमध. तुम्ही लोक खाट रिकामी करता ती तशीच. अशी खाट मी तीन वर्षांपूर्वी पाहिली. तुम्ही माझ्या शेजारी उभ्या होतात आणि तुम्हीच ती आवरली होतीत. मी दारावर हात ठेवला आणि काढून घेतला. किटली भरलेली होती, तिच्यातलं पाणी तापवलं, चहा केला, दोन कप काढले, एक परत ठेवला. शनिवारी सकाळी सहाला उठून दारापर्यंत गेले आणि परत फिरले. दुपारी दाराच्या फटीतून पाण्याचा ओघळ हॉलमध्ये आला. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेच्या पंपाचे बुडबुडे फुटत होते आणि पाणी उडून खाली गळत होतं. लादी पुसायची म्हणून दार उघडलं. टाकीकडे नंतर बघितलं.

दुकानदाराला मी काल विचारलं. तो म्हणाला, "बाई, दोन-चार तास बुडाला असता तर काही झालं नसतं. दीड दिवस म्हणजे जास्त झालं." म्हणजे शुक्रवारी वर आल्यावर मी दार उघडलं असतं तर दोन तांबे पाणी काढून सगळं निभावलं असतं. सबब पहिल्या पत्रातला आरोप मी अर्धा मागे घेते आहे. अर्धाच. पाणी तुम्ही भरलंत.

बाईसाहेबांनी रविवारी दार उघडलं. आधी एक शिंग, मग बऱ्याच वेळाने दुसरं. श्वासाची नळी पाण्याबाहेर काढून हवा घेतली आणि काकडी नव्हे, पालकाचं उकडलेलं पान खाल्लं. अंडी आता घालेल असं नाही. नसेल घालत. मी तिच्याकडून काही मागत नाही, मला ती दिसली की पुरे.

पुढचं नीट वाचा. उजव्या कानाने वाचा.

टाकी मी हॉलमध्ये हलवली. दुकानदार आणि त्याचा भाऊ येऊन सगळं पाणी उपसून, उचलून, परत भरून गेले. त्यांना अर्धा दिवस लागला आणि त्यांनी माझ्या भिंतीला ओरखडा पाडला. लहान खोलीत आता खाट आणि कपाट आहे. कपाटाचे चारही खण रिकामे आहेत, कारण त्यांतल्या तुमच्या भावाच्या सदऱ्यांना मी तीन वर्षं हात लावला नव्हता, तो परवा लावला. दोन ठेवले, बाकीचे दिले. हे तुम्हाला विचारून करायला हवं होतं. विचारलं असतं तर तुम्ही "बरं" म्हणाला असतात.

मला त्रास होणार आहे. तुम्ही खोकता, दिवे जळते ठेवता, माझ्या लोण्याला नावं ठेवता आणि गोष्ट सांगताना शेवट आधी सांगता. मी तुम्हाला दिवसातून दहा वेळा टोचून बोलेन. वस्तू जागच्या जागी ठेवण्याची माझी सवय या वयात जाणार नाही, तिचा अर्थ लावत बसू नका. अर्थ हवा असेल तेव्हा मला विचारा, मी उजव्या बाजूला उभी राहून मोठ्याने सांगेन. या घरात एकटीने राहायला मी शिकले, हे खरं आहे. मला ते जमतं. पण आवडतं, असं मी कुणालाही लिहून दिलेलं नाही. असलं तर कागद दाखवा.

तेव्हा प्रश्न असा: तुम्ही माझ्याकडे कायमच्या राहायला येता आहात की नाही? निवासाची मुदत आठ डिसेंबरची आहे. त्यांना नकार कळवायला तुम्हाला एक दिवस लागेल, आणि सामान बांधायला मला तिकडे यावं लागेल, कारण तुमच्या गाठी सुटतात. म्हणून तुमचं उत्तर शुक्रवार, ५ डिसेंबर रोजी सायंकाळी पाच वाजण्यापूर्वी, तुमच्या हस्ताक्षरात, सहीनिशी, माझ्या हातात पडलं पाहिजे. आमचा पोस्टमन चारला येतो. मी खाली उभी असेन. फोन केलात तर उचलणार नाही. "बरं" आणि "बघू" ही उत्तरं नोंदवून घेतली जाणार नाहीत. उत्तर नाही असेल तर कारण द्यावं लागेल, आणि "तुला त्रास नको" हे कारण ग्राह्य धरलं जाणार नाही.

तुमची भावजय